चाळीस वर्षं जिंकणारा संघ : नेब्रास्का फुटबॉलच्या परंपरेचा आढावा

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधलं अमेरिकन फुटबॉल. अंडाकृती चेंडू, दोन्हीकडे अकरा खेळाडू आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी. व्यावसायिक लीगचे संघ मोठ्या शहरांत असतात. जिथे ते नाहीत तिथे विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ होऊन बसतो. नेब्रास्का हे तसं राज्य आहे. लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, मका आणि गुरं यांवर चालणारा मुलूख. राजधानी लिंकनमधलं मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये उघडलं, आज त्यात ८५ हजारांच्या आसपास माणसं मावतात. सामन्याच्या शनिवारी तिथे जेवढी माणसं जमतात तेवढी वस्ती ओमाहा आणि लिंकन सोडल्यास राज्यातल्या एकाही गावाची नाही.

या संघाने १९६२ ते २००१ या चाळीस वर्षांत दर हंगामात हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. १९६९ पासून २००१ पर्यंत तर सलग ३३ हंगाम वर्षाला किमान नऊ विजय. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं याच काळातली. आणि मग उतार. आपल्या गटाचं, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचं, शेवटचं अजिंक्यपद १९९९ चं. २०१७ ते २०२३ हे सातही हंगाम संघाने जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरून संपवले. एवढी लांब चढण आणि एवढी लांब घसरण एकाच संघाच्या वाट्याला क्वचित येते. म्हणूनच विजयाची परंपरा नेमकी कशावर उभी असते या वादात नेब्रास्काचं उदाहरण पुन्हा पुन्हा पुढे येतं. पत्रकार, माजी खेळाडू, क्रीडा-अर्थकारणाचे अभ्यासक आणि राज्यातले सामान्य लोक यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. त्यांची क्रमाने मांडणी करणं हा या लेखाचा हेतू.

परंपरा किती जुनी?

विद्यापीठाचा पहिला संघ १८९० मध्ये उतरला. १९१२ ते १९१६ दरम्यान तो सलग ३४ सामने अपराजित होता. १९२२ आणि १९२३ मध्ये त्याने नोत्र दामला हरवलं. पुढे 'फोर हॉर्समेन' म्हणून गाजलेल्या चौकडीचा तो संघ १९२२ ते १९२४ या तीन हंगामांत हरला तो एवढ्या दोन सामन्यांतच. १ जानेवारी १९४१ ला नेब्रास्का रोझ बाउल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात स्टॅनफर्डविरुद्ध खेळला आणि २१-१३ असा हरला.

पण परंपरेच्या गौरवात पुढची वीस वर्षं सहसा गाळली जातात. १९४१ ते १९६१ या काळात जिंकून संपवलेले हंगाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. १९५७ ते १९६१ या पाच वर्षांत बिल जेनिंग्ज यांच्या संघाने १५ सामने जिंकले, ३४ हरले, एक बरोबरीत सुटला. मधल्या काळात १९५९ मध्ये ओक्लाहोमाची गटातली ७४ सामन्यांची अपराजित मालिका याच संघाने मोडली होती, म्हणजे मुलांत धमक होती. मात्र त्या एका दिवसाच्या विजयाने पुढचे हंगाम सुधारले नाहीत.

थोडक्यात, ज्या परंपरेबद्दल आज बोललं जातं ती शतकभराची नाही. तिला सुरुवातीचं वर्ष आहे आणि ते आहे १९६२. वायोमिंगहून बॉब डेव्हेनी आले, पहिल्याच हंगामात नऊ सामने जिंकले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मिझुरीविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं खपली आणि तेव्हापासून लिंकनमधला प्रत्येक सामना 'हाउसफुल' नोंदवला गेला आहे.

पहिली मांडणी : माणसं टिकली म्हणून

सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत लोकप्रिय उत्तर असं, की हे सगळं दोन माणसांनी घडवलं. डेव्हेनी यांनी ११ वर्षांत १०१ सामने जिंकले, २० हरले, दोन बरोबरीत राहिले. १९७३ मध्ये त्यांनी आपल्या सहायकाला, टॉम ऑस्बर्न यांना, गादीवर बसवलं. ऑस्बर्न यांचे २५ वर्षांचे आकडे २५५ विजय, ४९ पराभव आणि तीन बरोबरी असे आहेत, आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत.

ही मांडणी करणारे फक्त कर्तबगारीवर बोट ठेवत नाहीत, सातत्यावर ठेवतात. डेव्हेनी १९६७ पासून विद्यापीठाचे क्रीडा संचालकही होते आणि ते पद त्यांनी १९९३ पर्यंत सांभाळलं. १९६७ आणि १९६८ मध्ये संघ ६-४ वर घसरला तेव्हा प्रशिक्षकाला जाब विचारणारा अधिकारी स्वतः प्रशिक्षकच होता. ऑस्बर्न पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून ओळीने हरले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना बाविसाव्या हंगामात मिळालं. आजच्या वातावरणात एवढा धीर कोणत्या विद्यापीठाने धरला असता?

ऑस्बर्न यांचं राज्यातलं स्थान कळायला २ जानेवारी १९८४ ची रात्र पाहावी लागते. मायामीतला ऑरेंज बाउल. त्या हंगामात नेब्रास्का एकही सामना हरला नव्हता आणि नियमित सामन्यांत त्याची सरासरी ५२ गुणांची होती. या सामन्यात मायामी विद्यापीठाविरुद्ध तो मागे पडला, झुंजत परत आला. ४८ सेकंद उरले असताना जेफ स्मिथने चौथ्या संधीवर २४ यार्ड धावून टचडाउन केला, गुणफलक ३१-३०. आता चेंडूला एक साधी किक मारली की ३१-३१. तेव्हा जादा वेळ नव्हता, विजेता मतदानाने ठरत असे, आणि अपराजित नेब्रास्काला बरोबरीवरही मुकुट मिळण्याची दाट शक्यता होती. ऑस्बर्न यांनी किक नाकारली आणि दोन गुणांसाठी डाव टाकला. टर्नर गिलचा पास मायामीच्या केनी कॅलहूनने बोटांनी उडवला. सामना गेला, विजेतेपद गेलं. पण बरोबरीची पळवाट न घेतल्याबद्दल राज्याने त्यांना जेवढं डोक्यावर घेतलं तेवढं कदाचित विजयानंतरही घेतलं नसतं. पुढे ते २००१ ते २००७ अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. २००६ मध्ये मात्र गव्हर्नरपदासाठी त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी त्यांना नाकारलं. फुटबॉलच्या पुण्याईलाही हद्द असते.

या मांडणीची मर्यादा स्कॉट फ्रॉस्ट यांच्या कारकिर्दीने दाखवली. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, ऑस्बर्न यांचा शिष्य, नेब्रास्काचाच मुलगा. २०१८ च्या हंगामासाठी ते प्रशिक्षक म्हणून परतले तेव्हा राज्यात सणाचं वातावरण होतं. हाती लागलं ते १६ विजय आणि ३१ पराभव. २०२१ चा हंगाम ३-९ असा गेला आणि ते नऊही पराभव दहाच्या आतल्या फरकाने झाले. २०२२ मध्ये चौथ्या सामन्याआधीच त्यांना जावं लागलं. परंपरा माणसातून माणसात उतरते, एवढंच खरं असतं तर हे झालं नसतं.

दुसरी मांडणी : पद्धत होती म्हणून

दुसरा पक्ष म्हणतो, माणसांपेक्षा त्यांनी बसवलेली कामाची घडी पाहा. तिचे तीन भाग होते.

पहिला व्यायामशाळेचा. १९६९ पर्यंत अमेरिकन प्रशिक्षक वजनं उचलण्याला बिचकत, त्याने खेळाडू जडावतो असा समज होता. बॉइड एपली हा विद्यापीठाचा पोलव्हॉल्टपटू दुखापतीतून सावरण्यासाठी वजनं मारत असे. जायबंदी फुटबॉलपटू त्याचं पाहून तेच करू लागले आणि धडधाकट होऊन मैदानावर परतू लागले. ऑस्बर्न यांच्या हे लक्षात आलं, त्यांनी त्याला डेव्हेनींकडे नेलं. कुणी जरा जरी मंदावला तर तुझी नोकरी गेली, अशी तंबी देऊन डेव्हेनींनी त्याला ठेवून घेतलं, असं एपली सांगत आले आहेत. कॉलेज फुटबॉलमधल्या वेतनधारी शक्तिप्रशिक्षकांची सुरुवात इथून मोजतात. त्याच १९६९ पासून नऊ विजयांची मालिका सुरू होते, हा या पक्षाचा आवडता पुरावा.

दुसरा भाग 'वॉक-ऑन'चा, म्हणजे शिष्यवृत्ती नसताना स्वखर्चाने संघात येणाऱ्या मुलांचा. सगळीकडेच अशी मुलं असत, पण नेब्रास्काने त्यांना मोठ्या संख्येने घेतलं आणि त्यांच्यावर मेहनतही घेतली. शेतावर वाढलेली अंगापिंडाने भक्कम मुलं यायची, दोन-तीन वर्षं सरावात मार खायची आणि चौथ्या वर्षी मुख्य संघात दिसायची. बाहेरूनही येत. आय. एम. हिप दक्षिण कॅरोलायनाहून शिष्यवृत्तीविना आला आणि १९७७ मध्ये हजारांवर यार्ड धावला.

तिसरा भाग खेळाचा. 'ऑप्शन' नावाच्या डावात क्वार्टरबॅक चेंडू घेऊन आडवा धावतो. समोरचा बचावपटू त्याच्यावर झेपावला तर चेंडू बाजूच्या धावपटूकडे फेकायचा, तो धावपटूकडे वळला तर स्वतः आत घुसायचं. निर्णयाला अर्धा सेकंद. हे जमायला पुढची फळी एका तालात हलावी लागते. मिल्ट टेनोपिर यांच्यासारखे सहायक ती फळी वर्षानुवर्षं घडवत राहिले. प्रतिस्पर्ध्यांना असा डाव वर्षातून एकदाच बघायला मिळे, तयारीला जेमतेम आठवडा असे.

याच्या जोडीला रीतिरिवाजही आले. मुख्य बचावफळीला सरावात काळे अंगरखे देण्याची प्रथा १९६४ च्या सुमाराची. काळा रंग दुकानात स्वस्तात मिळाला म्हणून तो निवडला, असं सांगतात. आज 'ब्लॅकशर्ट' हा राज्यातला सर्वांत मानाचा कपडा आहे.

पद्धतीच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा मात्र लिंकनबाहेरचा आहे. डेव्हेनींचा खेळाडू बॅरी अल्वारेझ १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून विस्कॉन्सिनला गेला. तिथे त्याने थंड प्रदेशातली स्थानिक मुलं, वॉक-ऑन आणि दांडगी पुढची फळी या भांडवलावर तीन रोझ बाउल जिंकले. २०१२ च्या गट-अंतिम सामन्यात त्याच विस्कॉन्सिनने नेब्रास्काला ७०-३१ असं झोडपलं. पद्धत दुसरीकडे रुजली आणि चालली. मूळ घरी ती मोडीत काढली गेली, असं या पक्षाचं म्हणणं.

तिसरी मांडणी : नियम बदलले म्हणून

क्रीडा-अर्थकारणाकडून पाहणारे या दोन्ही उत्तरांना अपुरं मानतात. त्यांच्या मते नेब्रास्काची चाळीस वर्षं ही विशिष्ट नियमांच्या सावलीत शक्य झाली, आणि ते नियम एकेक करून गेले.

शिष्यवृत्त्यांना १९७३ मध्ये १०५ ची मर्यादा आली. मग ९५, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ८५. बड्या संघांना चांगली मुलं साठवून ठेवता येईनात, ती इतरत्र वाटली गेली. इथे एक पेच आहे. याच कपातीमुळे नेब्रास्काच्या वॉक-ऑन फौजेची किंमत आधी वाढली, कारण इतरांकडे सरावाला माणसं कमी पडू लागली. म्हणजे एकच नियम काही काळ तारक आणि पुढे मारक ठरला असावा. कोणत्या वर्षी काटा फिरला, यावर एकमत नाही.

१९८४ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मंडळाने कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणी हक्कांवरची मक्तेदारी मोडली. त्याआधी पडद्यावर मोजके संघ दिसत आणि नेब्रास्का त्यात असे. नंतर सगळेच दिसू लागले. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलाला लिंकनला येण्याचं एक कारण कमी झालं. १९९६ मध्ये जुना गट टेक्सासच्या विद्यापीठांना घेऊन 'बिग ट्वेल्व्ह' झाला. त्यात ओक्लाहोमाशी दरवर्षीचा सामना गेला आणि शैक्षणिक पात्रता अर्धवट असलेल्या मुलांना घेण्यावर नेब्रास्काचा विरोध असताना निर्बंध आले. २०११ मध्ये संघ 'बिग टेन'मध्ये गेला. पैसा वाढला, पण मुलं शोधण्यासाठी टेक्सासशी असलेलं जुनं नातं सैल झालं.

या पक्षाला इतिहासातून साथ मिळते. एके काळी या खेळावर राज्य करणारं येल आयव्ही लीगच्या शिष्यवृत्तीविरहित जगात गेलं आणि स्पर्धेतून बाहेर झालं. मिनेसोटा १९६० नंतर राष्ट्रीय विजेता झालेलं नाही. उलट बाजूला मिशिगन आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने एक हजारावा विजय नोंदवला आणि तोही पहिला संघ म्हणून. म्हणजे नियम सर्वांसाठी बदलले, तरी काही जुनी घराणी तगली. नियमवाद्यांकडे याचं उत्तर लोकसंख्या आणि पैसा हे आहे. ते मला बऱ्याच अंशी पटतं, पण पुरतं नाही. विस्कॉन्सिनचं काय, हा प्रश्न उरतोच.

मोडलं कधी आणि कुणी

घसरणीची तारीख हा स्वतंत्र वाद आहे. ऑस्बर्न यांच्यानंतर आलेले फ्रँक सॉलिच यांनी सहा वर्षांत ५८ सामने जिंकले, १९ हरले. २००१ मध्ये कोलोरॅडोकडून ६२-३६ असा मार खाऊनही संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचला आणि मायामीकडून ३७-१४ हरला. २००२ मध्ये ७-७. पुढच्या वर्षी नऊ विजय मिळूनही सॉलिच यांना काढलं गेलं. २००४ मध्ये व्यावसायिक लीगमधून बिल कॅलहन आले, ऑप्शन गेला, पासांचा खेळ आला आणि ३५ वर्षांत पहिल्यांदा हंगामअखेरचा बाउल सामना हुकला.

सॉलिचसमर्थकांच्या मते हीच ती कुऱ्हाड. चाळीस वर्षांची साखळी एका निर्णयाने तुटली. विरुद्ध पक्ष म्हणतो, २००२ चे सात पराभव सॉलिच यांच्याच काळातले, चांगली मुलं येणं आधीच आटलं होतं, संचालकांनी फक्त दिसत होतं ते मान्य केलं. कॅलहन यांच्यानंतर बो पेलिनी आले, सातही हंगाम नऊ किंवा दहा विजय मिळवून २०१४ अखेर तेही गेले. नऊ विजय पुरेसे नाहीत म्हणून दोनदा प्रशिक्षक बदलला आणि दोन्ही वेळा पुढचा काळ वाईट निघाला, एवढं नोंदवता येतं. ते ठेवले असते तर काय झालं असतं, हे सिद्ध करण्याची सोय नाही.

विजयाची नैतिक बाजू

परंपरेचे आढावे बहुधा हा भाग ओलांडून जातात, तो ओलांडू नये. सप्टेंबर १९९५ मध्ये संघाचा प्रमुख धावपटू लॉरेन्स फिलिप्स याने आपल्या माजी मैत्रिणीवर हल्ला केला. ती त्याच विद्यापीठात शिकत होती. ऑस्बर्न यांनी त्याला आधी बाहेर काढलं आणि हंगामाच्या उत्तरार्धात परत घेतलं. फ्लोरिडाला ६२-२४ हरवून विजेतेपद मिळवलं त्या सामन्यात तो खेळला. ऑस्बर्न यांची भूमिका अशी, की घरच्या छत्राविना वाढलेल्या त्या मुलाच्या आयुष्यात फुटबॉल हाच एक आधार होता, तो काढला तर तो पुरता बुडेल. टीकाकारांनी विचारलं, राखीव फळीतल्या खेळाडूला ही माया मिळाली असती का? आणि त्याच आवारात वावरणाऱ्या त्या मुलीच्या मनाचं काय? फिलिप्सचा अंत २०१६ मध्ये तुरुंगात झाला. ऑस्बर्न यांच्या हेतूवर शंका न घेताही मला वाटतं, की दुसरा प्रश्न त्या वेळी ज्या गांभीर्याने विचारला जायला हवा होता तसा विचारला गेला नाही. १९९५ चा संघ इतिहासातला सर्वोत्तम होता का, अशी चर्चा आजही रंगते. तिच्यात ही मुलगी क्वचितच असते.

जे टिकलं

विजय गेले तरी प्रेक्षक राहिले, आणि या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट मला तीच वाटते. भरलेल्या सामन्यांची मालिका चारशेच्या पुढे गेली आहे. तिच्यावरही आक्षेप आहेत. अलीकडच्या पडत्या हंगामांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटली, मग याला हाउसफुल म्हणायचं का? समर्थक म्हणतात, तिकीट विकलं गेलं, हिशेब पूर्ण. पहिल्या टचडाउननंतर लाल फुगे सोडण्याची रीत २०२२ मध्ये हेलियमच्या टंचाईने थांबली, तरी माणसं यायची थांबली नाहीत. ३० ऑगस्ट २०२३ ला याच मैदानात महिलांचा व्हॉलीबॉल सामना ठेवला तर ९२,००३ लोक आले. परंपरा जिंकण्याची होती की एकत्र जमण्याची, हा प्रश्न त्या संध्याकाळनंतर जास्त मोकळेपणाने विचारला जाऊ लागला.

आज वाद कुठे आहे

२०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्याच वर्षापासून विद्यापीठ बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं. याचा अर्थ दोन्हीकडून लावला जातो. एका बाजूचं उदाहरण इंडियानाचं. पिढ्यान्‌पिढ्या हरणारा हा संघ २०२३ मध्ये ३-९ होता. नवा प्रशिक्षक आला, बाहेरून खेळाडू आणले, २०२४ मध्ये ११-२. वाटेत नेब्रास्काला ५६-७ ने हरवलं. बाराच महिन्यांत हे होत असेल तर परंपरेचं भांडवल कितीसं? दुसरी बाजू म्हणते, पैशाच्या खेळात भरलेलं स्टेडियम आणि निष्ठावंत देणगीदार हेच तर खरं भांडवल, आणि ते नेब्रास्काकडे भरपूर आहे. प्रशिक्षक मॅट रूल यांच्या हाताखाली २०२४ मध्ये संघ ७-६ वर आला आणि न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये आठ वर्षांतला पहिला बाउल सामना खेळून त्याने बॉस्टन कॉलेजला २०-१५ हरवलं. सॉलिच आणि पेलिनी यांना नऊ विजयांवर घरी पाठवणाऱ्या राज्याने सात विजय आनंदाने साजरे केले.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंशी उत्पन्न वाटून घेण्याची मुभा दिली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्याबरोबर फुटबॉल संघाची एकूण संख्या १०५ वर आणली. शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, माणसांची आली. याचा सर्वांत मोठा फटका सव्वाशे-दीडशे मुलं सांभाळत आलेल्या नेब्रास्कासारख्या ठिकाणी बसतो. गावातल्या शाळेतून आलेल्या, चौथ्या वर्षी फळणाऱ्या मुलाला आता त्या १०५ मध्ये पहिल्या वर्षीच जागा मागावी लागेल, आणि तीच जागा दुसऱ्या विद्यापीठातून आलेला तयार खेळाडूही मागत असेल. ती कुणाला द्यायची, हा निर्णय लिंकनमध्ये यापुढे दर हंगामाआधी घ्यावा लागणार आहे.